थकलेला नवस

मंडळाच्या जेवणाहून निघताना आपण सगळेच म्हणतो, "या हं एकदा घरी!" कधी, ते कोणी विचारत नाही. शपथाच नकोत, 'हो' म्हणजे हो असू द्या, ही प्रभू येशूची शिकवण (मत्तय, अध्याय 5) तेव्हा आठवते आणि आम्ही जरा ओशाळतो.

पण आमची खरी थकबाकी निराळीच. एम. एस. करायला निघालो तेव्हा नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चमध्ये उभं राहून नवस बोललो होतो (मराठी बायबलातही शब्द नवसच आहे!): पहिला पगार छपरासाठी. तो पगार जुन्या मोटारीत गेला. पुढे घर घेतलं. बँकेचा हप्ता मात्र एकदाही चुकला नाही!

उपदेशक, अध्याय 5 सांगतो की नवस फेडायला उशीर करू नये; करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. इफ्ताहाने तर (शास्ते 11) न विचार करता बोलून एकुलती एक लेक पणाला लावली.

लेवीय 27 आमच्या इंजिनिअरी डोक्याला पटलं. देवाला वाहिलेलं घर परत सोडवायचं तर ठरलेल्या किंमतीवर पाचवा हिस्सा जास्त. आपण मोशेच्या नियमाखाली नाही, मान्य. तरी कागद घेऊन बसलो. पगार, अधिक वीस टक्के.

सौ. म्हणाली, "आणि आईंना दर रविवारी फोन करणार होतात, त्याचा पाचवा हिस्सा किती?"

पैसे त्याच आठवड्यात पाठवले. छप्पर एव्हाना इतरांच्या पैशांनी झालं होतं. मग आईला फोन लावला. तिला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं.