कुलूपबंद पाड्याची शिरगणती

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या आदिवासी पाड्यात फेब्रुवारी महिन्यात जाऊन पाहावे. दिवाळी उरकली की वारली, ठाकूर, कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात, ती परततात पावसाच्या तोंडावर. मागे राहतात म्हातारीकोतारी माणसे आणि बंद दारे. नेमक्या याच महिन्यात सरकार या पाड्याची माणसे मोजावयास जाते, आणि जो आकडा हाती येतो त्याला गावाची लोकसंख्या असे भारदस्त नाव देते!

२०११ सालची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. नियम असा की, या संपूर्ण काळात जो घराबाहेर होता त्याला घरी धरावयाचे नाही. तो जेथे सापडेल तेथे मोजावयाचा. यावर कोणी म्हणेल, मग बिघडले काय? देशाच्या बेरजेत तो आलाच ना! आला असेल, भट्टीवरच्या कच्च्या विटांच्या खोपटापर्यंत गणकाचे पाय पोहोचले असतील तर. परंतु रस्ता देशाच्या बेरजेला मिळत नसतो, तो वस्तीला मिळतो. ग्रामसडक योजनेत अनुसूचित क्षेत्रातील वस्तीस २५० माणसांची अट आहे, आणि त्या योजनेच्या चौथ्या टप्प्यासाठी प्रमाण मानला आहे तो २०११ चाच आकडा. समजा, पाडा २७० माणसांचा आहे आणि त्यांतली १७० भट्टीवर आहेत. कागदावर १०० उरली, रस्ता गेला. आता पावसाळ्यात, सर्व २७० माणसे घरी असताना, अडलेली बाळंतीण झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावयाची ती याच शंभरांच्या हिशेबाने! आरोग्य उपकेंद्रालाही आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचे माप लावतात. तेथेही हाच आकडा पुढे येतो. आमचे अभ्यासक तर त्यावरून गावातील वृद्धांचे प्रमाण काढून मोकळे होतात. महिना कोणता होता, हे विचारण्याची तसदी कोण घेतो?

फेब्रुवारी सोयीचा खरा. पाऊस नाही, वाटा कोरड्या, सुगी घरात आलेली. पण ज्याच्या घरात सुगी येते त्याच्या सोयीचा! ज्याचे वरकस जमिनीतले नाचणी-वरईचे पीक दिवाळीनंतर फार दिवस पुरत नाही, त्याने काय करावे?

देशभर एकच तारीख हवी, हे उत्तर आता कोणी देऊ नये. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरविली, पण लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर येथील हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ अशी निराळी तारीख त्याच कागदावर आहे. २०११ च्या वेळीही तेथील माणसे आदल्या वर्षी मोजली गेली होती. बर्फाने वाट अडली तर पंचांग बदलता येते. वीटभट्टीच्या उचलीने सारा पाडा उठून गेला तर मात्र बदलत नाही. स्थलांतराच्या तालुक्यांतही भाद्रपद-आश्विनात, माणसे भातशेतीवर असताना, गणती करावी. निदान पाड्याच्या नावापुढे परगावी गेलेल्यांचा रकाना तरी ठेवावा.

तो रकाना भरणेही अवघड नाही. गणक म्हणून येतो तो बहुधा प्राथमिक शाळेचा शिक्षकच. कोणत्या घरचे पोर दिवाळीपासून वर्गात नाही आणि ते कोणत्या भट्टीवर गेले, हे त्याच्या हजेरीपटावर लिहिलेले असते. सरकारी तक्त्यात मात्र त्या घरापुढे तो लिहितो, कुलूप.