'पंपिंग' किती टक्के?

परवा साठीचे एक गृहस्थ इकोचे दोन रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले. पहिल्यात हृदयाचे 'पंपिंग' ४० टक्के, तर तीन महिन्यांनी दुसऱ्या गावी काढलेल्या रिपोर्टात ४५ टक्के. "डॉक्टरसाहेब, हृदय सुधारलं, म्हणून गोळ्या बंद केल्या," असे ते आनंदाने म्हणाले. प्रत्यक्षात पायांवर सूज होती आणि चार पायऱ्या चढताच धाप लागत होती. सुधारला होता तो आकडा, माणूस नव्हे!

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतील भेगा शोधणारे यंत्र हृदयावर लावून पाहिले. त्यातूनच आजचा इको जन्माला आला. ना सुई, ना क्ष-किरण. हृदय हलताना डोळ्यांना दिसते. इको उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्यातला आकडा वजनकाट्यासारखा नेमका नसतो, हे आम्ही डॉक्टर रुग्णांना पुरेसे सांगत नाही.

हा आकडा निघतो कसा? हृदय पूर्ण फुगलेले आणि पूर्ण आकुंचन पावलेले असताना डाव्या कप्प्याची कड पडद्यावर आखतात. त्यावरून प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर गेले, याचा हिशेब होतो. निरोगी हृदयही साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते. म्हणून ६० टक्के वाचून घाबरू नये.

ध्वनिलहरी हाड आणि हवा यांतून नीट जात नाहीत. बरगड्या आड आल्या, फुप्फुसे फुगलेली असली किंवा शरीर स्थूल असले, की कड अस्पष्ट दिसते. आखणारा हात बदलला की पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरचेही तसेच: लहर तिरकी, ६० अंशांत गेली, तर वेग निम्माच दिसतो. शिवाय झटक्याने निकामी झालेला भाग शेजारच्या सशक्त स्नायूंबरोबर ओढला जातो आणि हलल्याचा भास होतो. तो भाग आकुंचनाच्या वेळी जाड होतो की नाही, हे जाणत्या डोळ्यालाच कळते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की चित्र स्वच्छ दिसले की अंधूक, हे प्रत्येक रिपोर्टात लिहिलेच पाहिजे. वाचकांनीही शक्यतो एकाच ठिकाणी इको करावा, जुना रिपोर्ट सोबत न्यावा आणि "स्नायूचा कोणता भाग कमी हलतो?" असे आवर्जून विचारावे. आकडा वाढला म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये; कित्येकदा तो औषधामुळेच वाढलेला असतो.

त्या गृहस्थांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. पुढच्या खेपेस मी आधी त्यांचे पाय पाहीन, मग रिपोर्ट.