आयन नीट समजून घ्या

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आठवी-नववीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. आठवीचा ‘अणूचे अंतरंग’ आणि नववीचा ‘द्रव्याचे मोजमाप’ हे पाठ संयुजांचा तक्ता घोकून उरकू नका. परीक्षा संपल्यावरही हे पाठ घरात कामाला येतात.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला सर्वांत बाहेरचा एक सहज सुटतो. क्लोरीनच्या अणूत १७ असतात आणि बाहेरचं कवच पूर्ण व्हायला एकच कमी पडतो. देवाणघेवाण झाली की दोघांचेही आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू होतात, एक धन आणि एक ऋण. असे आयन खाडीच्या पाण्यात सुटे फिरत असतात. भाईंदरच्या मिठागरात पाणी उडून गेलं की ते एकमेकांना धरून मिठाचे स्फटिक होतात. धातुरूप सोडियम पाण्यात पडलं तर भडका उडू शकतो, म्हणून ते रॉकेलमध्ये ठेवतात. क्लोरीन हा विषारी वायू आहे. त्यांचेच आयन मात्र आपण रोज आमटीत घालतो. एका इलेक्ट्रॉनने एवढा फरक पडतो.

आता घरातलं पाहा. वॉटर प्युरिफायर विकणारे काही जण दारावर येतात, तुमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवतात आणि वीज सोडतात. क्षणात पाणी तपकिरी, गढूळ होतं. शेजारच्या पेल्यातलं त्यांच्या आरओ यंत्राचं पाणी तसंच स्वच्छ राहतं. घाबरलेली गृहिणी तिथेच पैसे मोजते. खरं तर तो गाळ पाण्यातला नसतोच. एक सळी लोखंडाची असते. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात, पाण्यात उतरतात आणि त्यांचा गंजासारखा साका तयार होतो. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन असतात, त्यामुळे वीज वाहते. आरओने ते बहुतेक काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे काही घडत नाही. त्या विक्रेत्याला आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. (ही सळ्यांची खटपट मुलांनी घरच्या विजेवर कधीही करू नये.)

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, दाखवणारा मीटरही मुख्यतः आयनच मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस चांगला धरला आहे. त्याहून कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. आपल्या नळाला काय येतं ते आधी तपासा, मगच यंत्राचा विचार करा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. संडास धुताना ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ हा समज घरोघरी आहे. ॲसिडमधल्या क्लोराइड आयनाचा इलेक्ट्रॉन ब्लीच ओढून घेतं आणि तोच निरुपद्रवी आयन क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. आपल्याकडच्या वनरूम-किचनमधल्या कोंदट न्हाणीघरात हा वायू जीवावर बेतू शकतो. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे आवर्जून सांगा.

रसायनांचा धोका न्हाणीघरापुरताच नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसं गेली. जिथे भिंतीपलीकडे रसायनं आहेत, तिथल्या मुलांना पिंपावरच्या नावातलं ‘पेरॉक्साइड’ काय आणि ‘क्लोराइड’ काय, एवढं तरी वाचता आलं पाहिजे.

शिक्षकांनो, तक्ता पाठ करून घेण्याआधी पहिल्या २० मूलद्रव्यांच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी मुलांकडून वहीत काढून घ्या. पालकांनो, आज संध्याकाळी मुलाला न्हाणीघरातल्या बाटल्यांवरची नावं वाचायला लावा, आणि ब्लीच व ॲसिड वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा.