डोके कोणाचे, धड कोणाचे?

विज्ञानकथा हा प्रकार आपल्याकडे अजून पोरकटच समजला जातो. सायन्सच्या मंडळींना तीत विज्ञान कमी वाटते, आर्ट्सच्या मंडळींना साहित्य कमी वाटते, आणि आम्हा कॉमर्सवाल्यांना तर कोणी विचारतच नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली, त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली. तरी आपली चर्चा "हे खरोखर घडू शकेल का?" या प्रश्नापुढे सरकत नाही. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. कथेतले यंत्र चालेल की नाही, ते इंजिनियर बघून घेतील. पण त्या चित्रात मालक कोण, राबणारा कोण आणि 'माणूस' म्हणून मोजला जातो तो कोण, हे कोणी बघायचे?

उदाहरणासाठी मी परदेशी सिनेमा घेत नाही. आपला विक्रम आणि वेताळच घेतो.

मद्रासहून निघणारा 'चांदोबा' मराठीत यायचा तसा कन्नडमध्येही यायचा. त्यामुळे खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो राजा या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखाच ओळखीचा असेल. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढे लोकांनी त्याला उज्जैनला नेऊन विक्रमादित्य केले. उज्जैनला माझी मावशी असते. तिथे रिक्षावालासुद्धा विक्रमाची गोष्ट शेजारच्या घरात घडल्यासारखी सांगतो.

वेताळाच्या गोष्टींत एक मस्तकबदलाची गोष्ट आहे. एका स्त्रीचा नवरा आणि भाऊ देवीपुढे आपापली शिरे उतरवतात. देवी प्रसन्न होते आणि शिरे धडांना लाव म्हणते. घाईत त्या बाईकडून अदलाबदल होते. आता हिचा नवरा कोणता? राजा उत्तर देतो, नवऱ्याचे डोके ज्याच्या धडावर तो. कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. वेताळ समाधानाने पुन्हा झाडाला जाऊन लटकतो, आणि आपणही समाधानाने पान उलटतो.

मला या उत्तराचा संशय येतो. मस्तक श्रेष्ठ हे शरीरशास्त्र झाले, की राज्यशास्त्र? निकाल देणारा स्वतः राजा आहे, म्हणजे राज्याचे डोके. डोक्याने डोक्याच्या बाजूने निकाल दिला, यात नवल ते काय!

सोमदेवाच्या गोष्टीतली ही माणसे परीट आहेत. दोन्ही धडे कष्टकऱ्यांचीच, त्यामुळे तिथे भांडण फक्त नात्याचे आहे. १९४० साली थॉमस मान या जर्मन लेखकाने ही गोष्ट घेतली आणि दोन पुरुषांना मित्र केले. एक पोथ्या वाचणारा, दुसरा अंगमेहनतीचा. गिरीश कार्नाडांचे 'हयवदन' १९७१ चे. त्यात देवदत्त हा विद्वान ब्राह्मणाचा मुलगा आणि कपिल लोहाराचा. निकाल तोच लागतो, डोके म्हणजे माणूस. पण कार्नाड तिथे थांबत नाहीत. देवदत्ताच्या डोक्याखाली आलेले कपिलाचे पीळदार शरीर हळूहळू मऊ पडते, आणि कपिलाच्या डोक्याखाली आलेले मऊ शरीर पुन्हा घट्ट होते. ज्याला त्याला आपापल्या धंद्याचे शरीर परत मिळते. मी नाटक कन्नडमध्ये वाचले आणि या जागी बराच वेळ थांबलो. लोकांना यात नियती दिसते. मला जातवार पगारपत्रक दिसले.

म्हणजे जुन्या गोष्टीत नसलेला बुद्धी आणि श्रम यांचा तंटा आपल्या विसाव्या शतकाने तिच्यात घातला. तो घालावासा वाटला, याचा अर्थ तो समाजात होता.

"हे सगळे तुमचे पाश्चात्त्य सिद्धांत" असे कोणी म्हणेल. पण अद्भुत चित्राखालचा समाज वाचण्याची रीत महाराष्ट्राला बाहेरून आणावी लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्य, कच्छ, वराहापासून परशुरामापर्यंतचे अवतार घेतले आणि त्यांत जिंकणारे आणि जिंकले गेलेले शोधले. त्यांचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून टिकेल असे नाही, पण प्रश्न विचारण्याची पद्धत टिकली आहे. वामनाने पाय ठेवला तो कोणाच्या डोक्यावर? बळीच्या. आणि शेतकरी अजून राज्य मागतो ते बळीचेच. पुढे १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सांगितले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. मस्तकबदलाच्या गोष्टीवर याहून नेमके भाष्य मला सापडलेले नाही.

आता विज्ञानाकडे येऊ. १९७० साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचे डोके दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवले. २०१३ मध्ये इटलीच्या सर्जिओ कॅनावेरो यांनी माणसावर हाच प्रयोग करू, अशी घोषणा केली. जिवंत माणसावर तो झालेला नाही. वर्तमानपत्रांनी त्याला 'मस्तकरोपण' म्हटले. पण मूत्रपिंडरोपणात मूत्रपिंड देणारा दाता असतो आणि ते घेणारा रोगी असतो. इथे रोगी म्हणजे डोके, आणि दान होते ते धडाचे. तर मग याला 'धडरोपण' का म्हणू नये? नाव चुकले, पण मनातला निकाल तोच पैठणच्या राजाचा. धड हा सुटा भाग. तो कोणाचा होता, याची बातमीत एक ओळही नसते.

उज्जैनपासून धार काही फार लांब नाही. तिथल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक मोठा अध्याय आहे. पाऱ्याच्या बळावर उडणारे लाकडी पाखरू त्यात आहे, आणि आपल्याकडचे व्याख्याते तेवढेच उचलतात. उरलेली यादी मला जास्त बोलकी वाटते. दारात आगंतुकाला अडवणारा लाकडी पहारेकरी, दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर नाचणाऱ्या पुतळ्या. राजाला यंत्राकडून काय हवे होते? नोकर, पण न थकणारा, न बोलणारा, पगार न मागणारा. शिवाय ग्रंथकार म्हणतो की घडवण्याची कृती मी मुद्दामच पूर्ण सांगत नाही, अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी. आमच्या पुस्तकात याला व्यापारी गुपित म्हणतात!

'रोबो' हा शब्दही याच घराण्यातला आहे. चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. त्याचे मूळ 'रोबोटा', म्हणजे आपली वेठ. कन्नडमध्ये बिट्टी. यंत्रमानव हा गोड शब्द आपण केला खरा, पण प्रामाणिक भाषांतर 'वेठ्या' असे झाले असते.

आणि आजचे चित्र? कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख असला की सोबत निळ्या उजेडातले एक डोके छापलेले असते. मानेखाली काही नाही. अठराव्या शतकात, १७७० च्या सुमारास, केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखवला होता. त्याच्या पेटीत खरा माणूस दडलेला असे. वॉल्टर बेन्यामिन या विचारवंताने १९४० मध्ये इतिहासावरच्या टिपणाची सुरुवात याच पेटीने केली. २००५ साली अॅमेझॉनने किरकोळ कामे माणसांकडून करून घेण्याची सोय काढली, तिचे नावही 'यांत्रिक तुर्क' असेच ठेवले. यंत्राला चित्रे ओळखता यावीत म्हणून लाखो चित्रांवर चिठ्ठ्या डकवण्याचे काम तिथल्या माणसांनी चित्रामागे काही पैसे घेऊन केले. निदान नाव ठेवणाऱ्याने काही लपवले नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. निळ्या डोक्याखाली धड नाही असे नाही, ते चौकटीबाहेर ठेवले आहे. मराठीत अशा लोकांना आपण 'हातावर पोट असणारे' म्हणतो. हात आणि पोट, बस्स. म्हणीनेसुद्धा त्यांना डोके दिलेले नाही.

उज्जैनच्या भैरवगढला छापील कापडाचे कारागीर आहेत. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवायचा आणि वरून हाताचा ठोका द्यायचा. आधीच्या ठशाची कड पुढच्या ठशाशी जुळवताना तो माणूस पट्टी लावत नाही. इथे डोके कुठे संपले आणि हात कुठे सुरू झाला, हे विक्रमाने मला दाखवून द्यावे.

राहता राहिले माझ्या विषयातले भूत. कंपनी ही कायद्याने कृत्रिम व्यक्ती आहे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. तिला शरीर नाही, ती म्हातारी होत नाही, भागधारक मेले तरी ती जगते. १८९६ च्या सॉलोमन खटल्याने ती तिच्या मालकाहून वेगळी ठरली. याहून मोठी विज्ञानकथा कोणी लिहिली आहे? निव्वळ डोके, आणि त्याला लागतील तशी धडे भाड्याने. उज्जैनची विनोद मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. कृत्रिम व्यक्ती कागदोपत्री अवसायनात गेली. खऱ्या व्यक्ती मात्र आपल्या देण्यांसाठी दोन दशकांहून अधिक काळ कोर्टात हेलपाटे घालत राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकांची देणी हाती पडेपर्यंत हयात नव्हती. कंपनी कायद्यात १९८५ साली दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारणवाल्या धनकोंच्या बरोबरीने बसवली गेली. त्याआधी ती त्यांच्या मागे होती. परीक्षेत हे कलम चार मार्कांना येते. त्या चार मार्कांत वेताळाचा प्रश्न अजून तसाच लटकलेला आहे: मिल म्हणजे कोण?