विवरात उतरून मारलेली हाक



जत तालुक्यात माझ्या मामांची कोरडवाहू जमीन आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी तेथे विंधनविहीर घेण्याचे ठरवले. पाणाड्या आला. तळहातावर नारळ घेऊन त्याने रानात फेऱ्या मारल्या आणि नारळ उभा राहिला तेथे खूण केली. बोअरची गाडी आली, रात्रभर राखाडी धूळ उडाली, पण पाणी लागले नाही. मग शंभर मीटरवर दुसरी खूण झाली. तेथेही धूळच निघाली. सकाळी मामा मला म्हणाले, "काय रे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग खाली काय आहे हे तुझ्या शास्त्राला वरून सांगता येत नाही होय?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. विश्रामबागेत घरी परतेपर्यंत तो प्रश्न डोक्यात घोळत होता. आज त्याचे उत्तर तुमच्यापुढे मांडतो, आणि त्यासोबत माझे एक मतही. वरून सांगणे खरोखरच अवघड आहे. परंतु मामांच्या रानात आता दोन विवरे तयार होती. विवरात उतरून विचारले असते, तर खडकाने पुष्कळ काही सांगितले असते. तसे कोणी विचारले नाही. दोन्ही विवरे दगडमाती टाकून बुजवली गेली. पाणी नाही म्हणजे विवर वाया गेले, ही आपली समजूत चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे.

गोधडीचा प्रयोग

प्रथम घरी करता येण्याजोगा एक प्रयोग करा. टिकटिक करणारे गजराचे घड्याळ घ्या. एका लांब लाकडी टेबलावर गोधडीची जाड घडी ठेवून तिच्यावर घड्याळ ठेवा आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लाकडावर कान टेका. टिकटिक जवळजवळ ऐकू येत नाही. आता गोधडी काढा, घड्याळ थेट लाकडावर ठेवा आणि पुन्हा कान लावा. तीच टिकटिक आता खणखणीत ऐकू येईल. घड्याळ तेच, अंतर तेच, फरक एका गोधडीचा.

आपल्या जमिनीवर निसर्गाने अशीच गोधडी पांघरली आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली झिजलेला दगड. अशा सैल थरातून कंपनलहरी सेकंदाला अवघे काहीशे मीटर जातात. खालच्या अभंग काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, त्यांचा वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर असतो. पृष्ठभागावर घणाचा ठोका दिला किंवा लहानसा स्फोट केला, तर त्याची पुष्कळशी ऊर्जा या सैल थरातच विरते. त्यातही उच्च वारंवारतेच्या लहरी आधी मरतात. खालच्या थरावरून परावर्तित होऊन वर येणाऱ्या लहरीला तर ही गोधडी दोनदा ओलांडावी लागते, एकदा जाताना आणि एकदा येताना.

उच्च वारंवारतेच्या लहरी गेल्या तर काय बिघडले? थोडे गणित करू. बेसाल्टमध्ये वेग सेकंदाला ५००० मीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी १०० मीटर येते. परावर्तित लहरींनी साधारणपणे तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढा, म्हणजे येथे २५ मीटर जाडीचा थर वेगळा ओळखता येतो. आपल्याकडील पाणी मात्र पाषाणाच्या भेगांत, सांध्यांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत असते, आणि अशी पट्टी पुष्कळदा दोन-चार मीटरचीच असते. ती ५० हर्ट्झच्या लहरीला दिसणारच नाही. हीच वारंवारता १००० हर्ट्झ करता आली, तर तरंगलांबी ५ मीटर होते आणि तिचा चौथा भाग सव्वा मीटर. एवढ्या बारीक लहरी गोधडीखाली न्यायच्या असतील, तर आवाज करणारे साधनच विवरातून खाली उतरवले पाहिजे.

ही कल्पना आजची नाही. रेडिओवरून मानवी आवाज पाठवण्याच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१७ साली अमेरिकेत एक पेटंट मिळवले होते. जमिनीत विवरे पाडायची, त्यांत पाणी भरायचे, एकात ध्वनी निर्माण करायचा आणि दुसऱ्यात ऐकायचा; मधल्या खडकात धातूचे खनिज दडलेले असेल तर ध्वनीच्या वागण्यावरून ते कळेल, असा त्यांचा विचार होता.

आपल्या पायाखालचा इतिहास

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले झाले. तसे नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. सांगली-साताऱ्याकडची म्हातारी माणसे आजही त्या पहाटेची आठवण काढतात. त्यानंतर १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या प्रदेशाच्या भूकवचाची खोल पाहणी केली. त्यांतील एक रेषा कोकणातल्या गुहागरपासून आपल्या सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत आखली होती. स्फोटांतून निघालेल्या लहरी ओळीने मांडलेल्या जिओफोनांनी टिपल्या आणि त्यांवरून भूकवच सुमारे चाळीस किलोमीटर जाड असल्याचे दिसून आले.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल विवर घेतले, तेव्हा बेसाल्टचा थर सुमारे ३४० मीटरवर संपला. कोयना परिसरात याहून पुढची मजल मारली गेली. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडजवळ हजारमाची येथे विवर-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. परिसरातील सुमारे दीड किलोमीटर खोल विवरांत भूकंपमापक उतरवले गेले, आणि गोठणे येथे २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले. तेथे एक किलोमीटरहून अधिक जाडीचा बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला.

भूकंपमापक इतके खाली का नेले? कारण तेच, गोधडी. वर वारा, पाऊस, वाहने, माणसांची वर्दळ यांचा सतत गलबला चालू असतो. त्यात खडकाची बारीक कुरकुर हरवते. खाली शांतता असते, तेथे ती ऐकू येते.

कोयनेत खाली ऐकतात. आता याच्या उलट करा: खाली हाक मारा आणि वर ऐका. भौतिकशास्त्रात परस्परतेचा नियम आहे. हाक मारणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली, तरी त्यांच्यामधल्या मार्गाचे उत्तर तेच येते. मग उलटापालट करून फायदा काय? फायदा सोयीचा आहे. खोल विवरात पुष्कळ श्रवणयंत्रे उतरवणे खर्चिक असते. उलट, खाली एकच हाक देणारे साधन ठेवले, तर वर शेकडो स्वस्त जिओफोन पसरून एकाच वेळी सर्व दिशांना ऐकता येते. शिवाय लहरीला गोधडी एकदाच ओलांडावी लागते.

हाक कशी मारायची?

विवर असते वीतभर रुंद. त्यात मावणारे आणि विवर न फोडणारे साधन हवे. लहान स्फोटके वापरली तर विवराची भिंत किंवा आतला पाइप तडकण्याचा धोका असतो. म्हणून दाबलेल्या हवेचा एकदम फुगा सोडणारी हवेची बंदूक, पाण्यात विजेची मोठी ठिणगी पाडणारे साधन आणि विजेच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या स्फटिकद्रव्याचा कंपक अशी साधने निघाली. कंपकाची युक्ती मोठी सुंदर आहे. तो एकदम मोठ्याने ओरडत नाही. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत बराच वेळ हळूहळू चढत जातो. वर आलेली नोंद गोंगाटात बुडालेली असते, पण ती मूळ चढत्या सुराशी ताडून पाहिली, की लहर नेमकी केव्हा पोहोचली ते कळते. गर्दीत आपल्या आईची हाक आपण बरोबर ओळखतो ना, तसेच हे. खोदणाऱ्या छिन्नीचा खडखडाटही हाक म्हणून वापरता येतो. तेल शोधणाऱ्या मंडळींनी छिन्नीच्या दांड्याच्या वरच्या टोकाला संवेदक बसवून तो खडखडाट नोंदवला आणि जमिनीवरच्या जिओफोनांच्या नोंदीशी ताडला. म्हणजे खोदतानाच पाहणी!

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. सर्वांत मोठी अडचण नळीतल्या लहरीची. विवर पाण्याने भरलेले असते. लांब नळीच्या एका टोकाला कुजबुजले तरी दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, तशीच हाकेची बरीच ऊर्जा खडकात न शिरता विवरातल्या पाण्यातूनच वरखाली धावते आणि नोंदी बिघडवते. त्यावर उपाय म्हणून साधन विवराच्या भिंतीला घट्ट टेकवतात किंवा पाण्यात अडथळे ठेवतात. दुसरी गोष्ट, बारीक लहरी लवकर थकतात. हजार हर्ट्झच्या लहरीकडून काही किलोमीटर लांबच्या बातमीची अपेक्षा करू नये. पण मामांच्या रानाला काहीशे मीटर पुरेत.

मामांची दोन विवरे

आता त्या दोन विवरांकडे परत जाऊ. अंतर १०० मीटर. मधला खडक सर्वत्र अभंग असेल, तर सेकंदाला ५००० मीटर वेगाने जाणारी लहर २० मिलिसेकंदांत पलीकडे पोहोचेल. समजा, मध्ये २० मीटरचा भाग भेगाळलेला आहे आणि तेथे वेग निम्मा आहे. मग ८० मीटरना १६ मिलिसेकंद आणि उरलेल्या २० मीटरना ८ मिलिसेकंद, एकूण २४. या चार मिलिसेकंदांच्या उशिरातच त्या भेगाळलेल्या भागाची बातमी आहे. हाक देणारे साधन एका विवरात आणि ऐकणारे दुसऱ्यात निरनिराळ्या खोलींवर ठेवून अशा अनेक वेळा मोजल्या, तर दवाखान्यात सी.टी. स्कॅन करतात तसे मधल्या खडकाचे चित्र उभे राहते. भेगांत पाणी आहेच, असे या चित्रावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पुढचे विवर कोठे घ्यावे आणि कोठे मुळीच घेऊ नये, हे नारळापेक्षा ते कितीतरी अधिक भरवशाने सांगेल.

यावर आक्षेप येईल, तोही रास्त आहे: एका शेतकऱ्याने एवढा खर्च करायचा कोठून? त्याच पैशात तो आणखी विहिरी घेईल. माझे उत्तर असे की, हा खर्च एकट्या शेतकऱ्याचा नाहीच. मोठ्या धरणाच्या आणि इमारतींच्या पायाची तपासणी करताना विवरातून विवरात लहरी पाठवण्याची पद्धत अभियंते वापरतात. धरणाच्या पायासाठी जे चालते, ते गावाच्या पाण्यासाठी का चालू नये? राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दोन-तीन तालुक्यांत मिळून असा एक संच फिरता ठेवावा, आणि कोरडी ठरलेली विंधनविहीर बुजवण्यापूर्वी तिच्यात एकदा हाक मारून पाहावी. निदान आत लागलेल्या थरांची खोलीवार नोंद तरी ठेवावी. आज ही माहिती धुळीबरोबर उडून जाते, आणि पुढचा शेतकरी त्याच खडकावर पुन्हा पैसे ओततो.

शिक्षकांना एक विनंती. गावात नवी बोअर सुरू असेल तेव्हा विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावरून ती दाखवा. किती फुटांवर धुळीचा रंग बदलला, लाल माती केव्हा आली, छिन्नीचा आवाज कोठे पालटला, हे वहीत टिपायला सांगा. उघड्या विवराजवळ मात्र कोणालाही जाऊ देऊ नका, आणि गावात कोठे उघडी विंधनविहीर दिसली तर तिच्यावर झाकण बसेपर्यंत पाठपुरावा करा.

आणि मित्रांनो, मामांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना आता दिले आहे. ते ऐकून मामा म्हणाले, "मग हे बुजवायच्या आधी सांगायचं होतंस!" त्यांचे म्हणणे खरे आहे. आपले शास्त्र शेताच्या बांधावर पोहोचायला फार वेळ लावते. तो वेळ कमी करणे हे तुमच्या पिढीचे काम आहे.