विश्लेषण : खान्देशचा रानपिंगळा ११३ वर्षे कुठे हरवला होता?

घुबड म्हटले की रात्र, स्मशान आणि अपशकुन आठवतो. सातपुड्यातला रानपिंगळा मात्र दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून शिकार करतो. तरीही १८८४ ते १९९७ या काळात अभ्यासकांना तो सापडला नाही. त्याला एका खोट्या नोंदीचाही हातभार लागला होता.

नामशेष कसा ठरला?

पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. सध्याच्या छत्तीसगडमधून नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्याला मिळाले. पुढे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तेव्हाच्या खान्देश जिल्ह्यातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीची नोंद झाली नाही. जगभरातील संग्रहालयांत मोजकेच नमुने उरले आणि पक्षी बहुधा संपला, असा समज झाला.

खोटी नोंद कोणती?

रिचर्ड माइनर्टझहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्यावर दुसरी चिठ्ठी लावलेली होती. ही लबाडी अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत उघड झाली. तोवर शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी जात राहिले होते.

पुन्हा सापडला कसा?

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी १९१४ ची नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नोंदींची ठिकाणे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावलचे जंगल, मेळघाट, मध्य प्रदेश आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. मेळघाट हे आज त्याचे मोठे आश्रयस्थान आहे.

साध्या पिंगळ्याहून वेगळा कसा?

गावात, वडा-पिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याचे डोके आणि पंजे मोठे, तर पंख व शेपटीवरचे पट्टे ठळक असतात. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर. सरडे, उंदीर आणि किडे हे त्याचे मुख्य खाद्य. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत. म्हणून ते मान सुमारे २७० अंशांपर्यंत फिरवते. या सवयीलाच लोक भुताटकी समजतात.

आज धोका कशाचा?

रानपिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ढोली असते ती जुन्या झाडाला, आणि सरपणासाठी किंवा शेतजमिनीसाठी कुऱ्हाड पडते तीही अनेकदा जुन्या झाडावरच. जोडीला अंधश्रद्धा आहे. जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात आणि दिवाळीच्या सुमारास देशात त्यांचा छुपा व्यापार वाढतो. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले. यादी एक पायरी सुधारली. संकट टळलेले नाही.

कोणी थेट वैर धरले नसतानाही प्राणी संपू शकतो, हे मेक्सिकोतील वाकिटा दाखवते. डॉल्फिनच्या नात्यातला, पण लांब चोच नसलेला हा सुमारे दीड मीटरचा पॉरपॉइज केवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात उरला आहे. अलीकडच्या पाहण्यांत जेमतेम दहाच्या आसपास जीव आढळले. त्याला कोणी मारायला जात नाही. टोटोआबा या माशाचा फुगा चीनमध्ये मोठ्या किमतीला विकला जातो. त्या माशासाठी लावलेल्या जाळ्यांत वाकिटा गुदमरतो.

काय करता येईल?

जाळी आणि झाड, दोन्हींकडे उत्तर सारखेच आहे : मूळ कारण थांबवणे. खान्देशात म्हणजे शहाद्यापासून यावलपर्यंत ढोलीची जुनी झाडे राखणे, आणि त्यासाठी सरपणाला पर्याय मिळालेल्या पाड्यांना सोबत घेणे. घुबडे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ती पकडणे किंवा विकणे गुन्हा आहे. असा प्रकार दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

एका खोट्या चिठ्ठीने शोधाची वाट चुकवली होती. आज तेच काम मोबाइलवर फिरणारा ‘घुबड अशुभ’ असा निरोप करतो. तो पुढे न पाठवणे, एवढे तर प्रत्येकाच्या हातात आहे.