स्वातंत्र्याच्या नावाने उसने सूर

१९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा जलसा मुंबईच्या धोबीतलाव भागातील रंगभवनात भरत असे. मुहूर्त १५ ऑगस्टच्या सुट्टीचा! काळे सदरे, मोकळे केस, मित्रांचे टोळके आणि कानठळ्या बसविणारी गिटार. तरुणांनी एक रात्र मित्रांसवे नाचून काढावी, यात वावगे काही नाही. गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांच्या भिंती निमूटपणे सोसणाऱ्यांनी तर गोंगाटाविषयी बोलूच नये.

प्रश्न नावाचा आहे. परसत्ता गेली त्या दिवसाचे नाव घ्यायचे आणि सूर, शब्द, वेश, इतकेच काय, बंडखोरीसुद्धा परक्यांकडून उसनी आणायची, याला स्वातंत्र्य म्हणावयाचे काय? कलावंतांनाही हे कोठेतरी बोचले असावे. एरवी ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाने १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असे सिंधूशी नाते सांगणारे नाव कशाला धारण केले असते?

रंगभवनापासून काळबादेवी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू हा गिरणी कामगार आडवा झाला आणि चिरडला गेला. वय बाविशीच्या आसपास. म्हणजे रंगभवनातील श्रोत्यांएवढेच! त्या मुलांना हे घरात कोणी सांगितले होते? वडीलधारी मंडळी जोडून सुट्टी आली की लोणावळा गाठतात. सोसायटीच्या ध्वजवंदनाला उरतात ते रखवालदार आणि दोन-चार निवृत्त गृहस्थ.